कपाटातली सदाफुली

साकोली
३ ऑगस्ट १९८६

ती. माय,
साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. पाऊस बरा आहे, यांच्या घरचा धानाचा रोवणा आटोपत आला. तुझी तब्येत उत्तम असल्याचं कळलं, म्हणून लिहीत आहे.

परवा आपली धाकटी शकुन नागपूरहून गावाकडे येताना इथे उतरली, लाखांदूरची गाडी धरायला. हातात तार होती, ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये.’ रडून डोळे सुजलेले. तशीच माझ्या घरी आली. मीही घाबरले, माय. पिशवी भरली आणि दोघी स्टँडवर गेलो. तिथे आपल्या गावचा नत्थूभाऊ खताच्या पोत्यावर बसला होता. मी विचारलं, “माय कशी आहे?”

“मायले का झालं? काल आमच्या बांधीत रोवणा करून राहिली होती. उद्या पाहुणे येऊन राहिले म्हणे, शकुनले पाहाले.”

शकुन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी अशीच तार मला आली होती, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिथेच सांगितलं.

तुलाही सांगते. मी नागपूरला काय करत होते ते तू कधी विचारलं नाहीस. आपल्या अंगणातली सदाफुली. तिच्या पानांत रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध तयार होतं, पण अगदी नखभर. रोप अंधारात वाढवलं तर औषध तयार होण्याच्या शेवटच्या पायऱ्या अडून राहतात, उजेड मिळाला की सुरू होतात. तेव्हा रोपातलं कुठलं जनुक जागं होतं, ते मला शोधायचं होतं. ते कळलं तर पुढे कोणीतरी हे औषध वाढवू शकेल, असं सर म्हणत. अंधाऱ्या कपाटात माझी रोपं तयार होती. सकाळी दार उघडायचं होतं. संध्याकाळी तार आली. मी कपाट तसंच टाकून धावले.

घरी आले तर तू चुलीपुढे पोहे परतत होतीस. वर न पाहता म्हणालीस, “हातपाय धू. साडी काढून ठेवली हाये.”

तार बाबांनी केली. पण तुला माहीत होतं.

माझं काम सरांनी दुसऱ्याला दिलं. रोपं पिवळी पडून मेली, असं मैत्रिणीनं कळवलं. ‘जावई चांगला मिळाला ना?’ असं तुम्ही दरवेळी विचारता. चांगले आहेत. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

शकुनला मी नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. ती एम.एस्सी. पुरं करेल. पाहुण्यांना काय सांगितलं असेल ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

माय, एखाद्या दिवशी तुला खरंच बरं नसेल. तेव्हा तार करू नका. तुला डोळ्यांनी पाहिलेलं कोणी माणूस पाठवा. तारेवर आता आम्ही दोघी घराबाहेर पडणार नाही.

तुला हे बाबाच वाचून दाखवत असतील. इथपर्यंत वाचलं असेल, तर त्यांना नमस्कार.

तुझी,
निर्मला