बेथच्या गोठ्याचं छप्पर

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २४ मार्च १९८५

चि. उत्तरास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत, तू तिकडे मजेत असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझं कसं चाललंय ते अतुलदादाच्या पत्रातून दोन ओळींत कळतं, आणि आमचं काय चाललंय ते माझं मलाच कळेनासं झालंय.

परवा पाडवा झाला. बाल्कनीत गुढी उभारली, तर खालच्या मजल्यावरची बाई काळजीने वर आली. काठीला तांब्या का वाळत घातलाय, म्हणे. तिला वाटीभर श्रीखंड दिलं (सावर क्रीमचं, इथे चक्का कुठला), तेव्हा तिचं समाधान झालं. ह्यांची लॅब सुट्टीच्या दिवशीही चालूच. प्रसन्न तेरा वर्षांचा झाला, मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आमचं बरं चाललंय. बाहेर अजून बर्फाचे ढीग आहेत, काळे पडलेले.

मला नोकरी लागली आहे. दिवाळीच्या पत्रात कळवलं होतं, पण त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून परत सांगते. गावाबाहेर एक छोटी खासगी शाळा आहे, सगळी मिळून नव्वद मुलं. तिथे संगीत, चित्रकला आणि स्पॅनिश मी शिकवते. हसू नकोस. तिन्ही मीच, आणि प्रीस्कूलच्या चार वर्षांच्या पिल्लांपासून आठवीच्या मिसरूड फुटलेल्या घोड्यांपर्यंत सगळ्यांना मीच. आधीची बाई नवऱ्याच्या बदलीमुळे टेक्सासला गेली आणि शाळेला घाई होती. मी पेटी वाजवते, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्यात, आणि घरात बसून वेड लागू नये म्हणून दोन वर्षं युनिव्हर्सिटीत संध्याकाळचं स्पॅनिश शिकलेय. प्रिन्सिपल मिसेस हॅरिंगटन म्हणाल्या, सोमवारपासून या.

मला स्वतःची खोली नाही. एक चाकाची गाडी आहे, तिच्यावर रंगाच्या बाटल्या, खंजिऱ्या, टाळ आणि स्पॅनिशची चित्रं, आणि मी ती वर्गावर्गातून ढकलत फिरते. हातगाडीवरची भाजीवाली झालेय नुसती. आडनाव कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी नुसती ‘मिसेस के’. लहान मुलांना वाटतं मी स्पेनची. मी नाही म्हणून सांगते, ती मान हलवतात आणि पुढच्या आठवड्यात परत विचारतात, तुमच्या स्पेनमध्ये बर्फ पडतं का. स्पॅनिशमध्ये मी मुलांच्या एक धडा पुढे असते, आणि सहावीच्या वर्गात तर अर्धाच. गाणं बरं जमतं. पण माझी खरी ऐट चित्रकलेच्या तासाला, हे तुला सांगायला नको.

आता मूळ भानगड सांगते. तुलाच का सांगतेय ते विचारू नकोस, पुढे येईल.

सहावीत बेथ नावाची मुलगी आहे. अकरा वर्षांची, शेतकऱ्याची नात, दिवसाला चार शब्द बोलते. मी विषय दिला होता, ‘माझ्या ओळखीची जागा’. तिने आजोबांचा गोठा काढला. आपला गोठा डोळ्यासमोर आणू नकोस, इथला गोठा दोन मजली, लाल, आपल्या शाळेएवढा असतो. पोरीने रंग काय सुंदर लावला होता म्हणून सांगू. पण छपराची रेघ मधेच खचलेली, खांब एकीकडे कललेले, यथार्थदर्शनाच्या नावाने शंख. मुलं जेवायला गेली होती, मी ब्रश धूत होते, आणि चित्र समोर वाळत होतं. माझ्याच्याने राहवेना. पट्टी घेतली, छप्पर सरळ केलं, खांब उभे केले, खाली एक सावली टाकली. दहा मिनिटांचं काम.

यात मी काय वेगळं केलं, तूच सांग. पटवर्धन मास्तर आठवतात ना? बाकांमधून फिरायचे, आपल्या हातातला ब्रश काढून घ्यायचे, दोन फटकारे मारायचे आणि चित्र उठून दिसायचं. त्यांचा हात लागावा म्हणून आपण डोळे लावून बसायचो. ज्याच्या कागदाला लागला नाही तो घरी जाऊन रडायचा. मी तर म्हणेन, त्या दोन फटकाऱ्यांतूनच मी शिकले.

चित्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रदर्शनात गेलं आणि त्याला निळी फीत मिळाली, म्हणजे पहिला नंबर. शाळेला अशी फीत आजवर मिळाली नव्हती. मिसेस हॅरिंगटनने माझा हात दोन्ही हातांत धरला.

गेल्याच्या गेल्या शनिवारी लायब्ररीत प्रदर्शन होतं. बेथची आई आली, बेथ आली, आणि आजोबा आले, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. म्हातारा चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, “छान आहे हो गोठा. कुणाचा?”

बेथची आई हसायला लागली, बाबा, तुमचाच की, म्हणाली. तो म्हणाला, नाही. दोन वर्षांपूर्वीच्या बर्फाने त्याच्या गोठ्याचं छप्पर मधे बसलंय, खांब कललेत, आणि दुरुस्ती काढायची ऐपत नाही म्हणून तो रोज सकाळी दूध काढायला जाताना आधी वर बघून मग आत पाय टाकतो. उत्तरा, पोरीने चुकून काही काढलं नव्हतं. जसं होतं तसं काढलं होतं. बेथ आजोबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत रागही नव्हता.

मंगळवारी सहावीचा तास होता. सगळ्यांना कागद दिले. बेथ हात मांडीवर ठेवून बसली. मी जवळ जाऊन विचारलं, आज काय काढणार?

“तुम्हीच काढा ना, मिसेस के,” ती म्हणाली. “नाहीतरी नंतर तुम्हीच काढणार.”

उद्धटपणा म्हणावा तर तसा सूरच नव्हता. दुकानात एखादी वस्तू नको म्हणून परत द्यावी तसं म्हणाली. कागद कोराच राहिला. गुरुवारी परत तेच.

त्याच गुरुवारी मिसेस हॅरिंगटनने नवीन फॉर्म दिला. चित्र आता हॅरिसबर्गला जाणार, राज्याच्या प्रदर्शनात. फॉर्मवर खाली लिहिलंय की चित्र विद्यार्थ्याने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय काढलेलं आहे, आणि शिक्षकाने सही करायची. काउंटीच्या फॉर्मवर अशी सही मी न वाचताच ठोकून दिली होती. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, कर सही, एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचं काँट्रॅक्ट ठरणार आहे, उगाच कशाला ओढवून घेतेस? प्रसन्नला विचारलं, तर टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, “दॅट्स चीटिंग, मॉम.” एकाच घरात दोन न्याय. चार दिवस डोकं भणभणतंय. मास्तरांनी केलं तो आशीर्वाद, आणि मी केली ती लबाडी? कधी वाटतं इथल्या लोकांचं जरा अतीच आहे, पोरीच्या कागदाला बाईने बोट लावलं तर एवढं काय. मग तो म्हातारा आठवतो, आणि काही सुचत नाही.

आणि त्याच्या मागोमाग तू आठवतेस.

ऑगस्टपासून तुझं पत्र नाही. मी कारणं शोधून शोधून दमले. आधी वाटलं, आईच्या दिवसांना मी आले नाही म्हणून. मग वाटलं, वीस वर्षं तिचं सगळं तुझ्यावर टाकून मी इकडे येऊन बसले म्हणून. दोन्ही खरं आहे, त्याबद्दल तू हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण तुझं शेवटचं पत्र मी परत काढून बघितलं. मी आईचं ते चित्र मागितलं होतं, आणि तू एवढंच लिहिलं होतंस, चित्र माझ्याकडे आहे, पाठवणार नाही. मी किती चिडले होते तेव्हा. मनात म्हटलं, चित्र तर मीच सुधारलं होतं, माझाही हक्क आहेच की त्याच्यावर.

हे मी असं, या शब्दांत म्हटलं होतं.

आईच्या तोंडावरून वारं गेलं त्या वर्षीची गोष्ट. तू चौदा वर्षांची होतीस, मी एकवीसची. शाळांच्या स्पर्धेसाठी तू आईला काढलंस, तांदूळ निवडताना. डावी पापणी उतरलेली, ओठ वाकडा, सगळं. तू शाळेत गेलीस आणि मी ते हातात घेतलं. मला ते बघवेना, हे खोटं नाही. आईला असं लोकांपुढे कसं टांगायचं, असं वाटलं. पापणी वर केली, ओठ सरळ केला. तू आलीस, बघितलंस, आणि म्हणालीस, “आई अशी दिसत नाही.”

आम्ही सगळे हसलो. आई म्हणाली, असू दे गं, मला आवडलं. किती वेळ ती त्या चित्रापुढे बसून होती, आठवतं? तिला इतकं खुशीत मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. तुला पहिला नंबर मिळाला, आप्पांनी काचेत बसवून घेतलं, आल्यागेल्याला दाखवलं, आमच्या उत्तराने काढलंय म्हणून. त्यानंतर तू रंगांच्या पेटीला हात लावला नाहीस. आम्ही म्हणायचो, आता बँकेच्या परीक्षांचा अभ्यास आहे तिला. चौदाव्या वर्षी कसल्या गं बँकेच्या परीक्षा?

मला अजूनही सगळं कळलंय असं नाही. आईला आनंद झाला, तो काय खोटा होता? तो मी तुझ्याकडून काढून तिला दिला का? असं देता येतं का? बेथच्या बाबतीत तर कुणालाच आनंद झाला नाही, फक्त परीक्षकांना. तू इथे असतीस तर दोन वाक्यांत सांगितलं असतंस. तू नेहमी दोनच वाक्यं बोलायचीस आणि आम्ही हसायचो.

मिसेस हॅरिंगटनना चिठ्ठी लिहिली आहे. चित्रात माझा हात आहे, फीत परत करा, बेथची काही चूक नाही, असं. पर्समध्ये ठेवलीय, उद्या सकाळी देणार. ह्यांना सांगितलेलं नाही. नोकरी गेली तर वाईट वाटेल, चार वर्षांची पोरं गाणं म्हणायला लागली की माझा सगळा शीण जातो. पण ती चिठ्ठी मी पाच मिनिटांत लिहिली, आणि हे पत्र लिहिताना मात्र तिसरा कागद फाडलाय.

कारण तुला एक मागायचं आहे. ते चित्र नको. ते तुझ्याकडेच राहू दे, जाळलंस तरी मला काही म्हणायचं नाही.

उत्तरा, मला आईचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की येते ती मी काढलेली आई, दोन्ही डोळे सारखे, ओठ सरळ. मधे दोनदा येऊन गेले, महिना महिना तिच्यासमोर बसले, तरी पापणी किती उतरायची, हसताना ओठ कुठे जायचा, काही म्हणता काही येत नाही. त्या आजारानंतर तिने फोटो काढू दिला नाही. मी माझ्याच हाताने पुसून टाकलीय तिला. तू तिला रोज भरवलंस, तिचं तोंड पुसलंस. आता ती फक्त तुलाच ठाऊक आहे.

मला ती काढून दे. वहीच्या पानावर, साध्या पेन्सिलीने, जमेल तशी. जशी होती तशी. नसेल काढायचं तर ‘नाही’ एवढंच लिहून पाठव, मी परत मागणार नाही. पण पाठवलंस, तर त्या कागदावर माझं बोटसुद्धा लागणार नाही.

तुझं चित्र बिघडवणारी,
ताई