धाकट्या बाईंची बदली रद्द व्हावी म्हणून

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
आरेखन विभाग, दुसरा मजला,
वैद्यकीय उपकरणांचा कारखाना.

विषय : डिजिटल बाजूच्या कनिष्ठ अभियंता, म्हणजेच माझ्या धाकट्या जाऊबाई, यांची बदली रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावर लागलेला बदलीचा आदेश.
२) सदर जाऊबाईंना इथून हलवावे म्हणून मीच वेळोवेळी केलेले अर्ज, जे आता मागे घेतलेले समजावेत.

महोदय,

१. विनंतीपूर्वक अर्ज करते की, मी आपल्या विभागात ॲनालॉग बाजूची वरिष्ठ अभियंता आहे. हृदयाच्या ठोक्यांची रेषा पडद्यावर दाखवणारे जे यंत्र आपण बनवतो, त्यात रुग्णाच्या अंगावरून येणारा अगदी क्षीण सिग्नल उचलायचा, त्यात मिसळलेली विजेची गुणगुण बाजूला काढायची आणि मग तो मोठा करायचा, हे काम माझा ॲम्प्लिफायर करतो. पुढे तो सिग्नल एका चिपमध्ये शिरतो, तिथे त्याचे आकडे होतात, आणि एकदा आकडे झाले की तो माझा राहत नाही. तिथून पुढची डिजिटल बाजू धाकट्या जाऊबाई पाहतात. आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि यंत्राच्या एकाच सर्किट बोर्डावर काम करतो. विभागात मला थोरल्या बाई आणि त्यांना धाकट्या बाई म्हणतात. या नावांना माझी हरकत नाही, कारण त्यात मी आधी येते.

२. हा अर्ज मी प्रेमापोटी करत आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. पुढे कुठे त्यांचा एकेरी उल्लेख आल्यास तो घरचा समजावा. धाकट्या बाई इथे लागल्या त्या माझ्याच शब्दावर. मुलगी हुशार आहे, घरात बसून काय करणार, असे मीच आपणास म्हटले होते. तेव्हा माझी जीभ का झडली नाही कोण जाणे!

सिग्नलची रेषा पडद्यावर तपासायचा नवा ऑसिलोस्कोप आला, तो त्यांच्या टेबलावर गेला. माझ्या जुन्याला कडेने टपली मारल्याशिवाय रेषा स्थिर होत नाही. भांडारपाल मला रेझिस्टर देतात ते डब्यातून मूठ भरून, आणि त्यांना देतात ते एकेक मोजून, निवडून, "बाई, हे तंतोतंत आहेत बरं का" असे म्हणून. वास्तविक तंतोतंत रेझिस्टर लागतात ते ॲनालॉगवाल्यांना. शून्य आणि एक यांतला फरक ओळखायला कसली आली आहे अचूकता? त्यांचे सोल्डरिंग पाहायला दुसऱ्या विभागांतली माणसे येतात. माझे पाहायला कोणी येत नाही, कारण ते चांगलेच असणार हे सर्वांनी धरूनच चालले आहे, असे माझे यजमान म्हणतात. यजमानांची समजूत काढायची ही पद्धत मला पुरती ठाऊक आहे.

घरीही तेच. सासूबाईंना कमी ऐकू येते म्हणून त्यांच्यासाठी मी स्वतः कानाचे यंत्र बनवले. ते शिट्टी मारायचे. मी फिल्टर बदलून पाहिला, आवाज कमी करून पाहिला, रविवारचे रविवार त्यात घातले. एके दिवशी धाकटी आली, मायक्रोफोन कानाजवळून काढून लांब वायरीने खांद्यावर लावून दिला, आणि शिट्टी बंद! त्यावर सासूबाई मलाच सांगतात, "अगं, किती स्वच्छ ऐकू येतंय, धाकटीनं यंत्र बनवलं बघ." बनवलं म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

३. आता मूळ प्रकरण. या बोर्डाच्या वेळी मी ग्राउंडची वाटणी मागितली, हे आपणास माहीत आहेच. ग्राउंड म्हणजे बोर्डाच्या पाठीवरचा तांब्याचा सलग थर. बोर्डावरचा प्रत्येक करंट आपले काम आटोपून त्याच थरातून घरी परततो. डिजिटल बाजूचा करंट मोठा धसमुसळा, क्षणाक्षणाला उड्या मारणारा. तो माझ्या नाजूक ॲम्प्लिफायरखालून फिरू नये म्हणून थराच्या मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, फट पाडावी आणि फक्त कोपऱ्यात, वीज आत येते तिथे, दोन्ही बाजू एका चिंचोळ्या पुलाने जोडाव्यात, असे मी सुचवले. जुन्या पुस्तकांत असेच आहे. धाकट्या बाई तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताई, फट नको. थर सलग राहू दे, आपण फक्त सामान आपापल्या बाजूला ठेवू." मी म्हटले, "घरात राहतं का सामान आपापल्या बाजूला?" फट पडली आणि त्या तारा आखायला बसल्या.

४. बोर्ड तपासायची आपल्या विभागाची रीत अशी की, ज्याने बनवला त्याने आपल्याच मनगटांना पट्ट्या लावायच्या आणि आपलेच हृदय पडद्यावर पाहायचे. मी पाहिले. रेषेवर बारीक केसाळ खरखर होती. शिवाय धाकट्या बाई खोलीत आल्या की ठोके भराभर पडू लागत आणि त्या बाहेर गेल्या की पुन्हा संथ होत. यावरून त्यांच्या बाजूचा गोंगाट माझ्या बाजूत घुसतो, असा निष्कर्ष काढून मी त्यांना हलवण्याबद्दलचा पहिला अर्ज केला. आपण त्याच पट्ट्या विभागातले नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या मनगटांना लावायला सांगितल्या. खरखर तशीच राहिली, पण धाकट्या बाई त्यांच्यासमोरून कितीही ये-जा करोत, ठोके काही हलेनात. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझी नाडी हा विभागाचा विषय नाही, एवढेच इथे नमूद करते.

५. राहिलेल्या खरखरीचे कारण शोधले तेही धाकट्या बाईंनीच, आणि तेही रुग्णालयाकडून आलेल्या पाहुण्यांच्या देखत. त्यांचे म्हणणे असे की, आकडे करणारी चिप फटीच्या माझ्या बाजूला बसली होती आणि तिच्यापासून त्यांच्या बाजूला जाणाऱ्या तारा फटीवरून उडी मारून जात होत्या. असा चपळ करंट ज्या वाटेने जातो, तिच्या अगदी खालूनच परत येऊ पाहतो. खाली फट आल्यावर तो बिचारा पार कोपऱ्यातल्या पुलापर्यंत वळसा घालून, माझ्या ॲम्प्लिफायरच्या दारावरून घरी जात होता. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायला मी फट पाडली, त्याला फटीनेच माझ्या दारात आणले. धाकट्या बाईंनी बोर्ड उलटा केला, तांब्याची एक पट्टी कापून त्या तारांच्या बरोबर खाली फटीवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना सोल्डर लावले. खरखर गेली. पाहुण्यांनी तोंडात बोटे घातली.

मी आजही म्हणते की फट बरोबर होती. तारांनी तिच्यावरून जायला नको होते. तारा कोणी आखल्या? त्यांनी! "मग ताई, कुठून न्यायला हव्या होत्या?" असे त्यांनी मला विचारले, आणि मला तेव्हा उत्तर सुचले नाही, याचा अर्थ उत्तर नाहीच असा होत नाही. मी अजून शोधते आहे.

इतके होऊनही त्या हसल्या नाहीत. पाहुण्यांना म्हणाल्या, ॲम्प्लिफायर इतका चांगला आहे म्हणून तर एवढीशी खरखर दिसली. घरी चकार शब्द काढला नाही. अहो, जिंकल्यावर माणसाने थोडे तरी मिरवावे! थोडे मिरवले असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ते न मिरवणेच मला सर्वांत जास्त झोंबले आणि मी त्यांना हलवण्याबद्दल आणखी एक अर्ज दिला.

६. आणि आता हा आदेश. आधी मला वाटले की अखेर माझ्या अर्जांना यश आले, आणि खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली आहे आणि कारण दिले आहे ते कौटुंबिक. महोदय, ते कौटुंबिक कारण म्हणजे मी. सोबत दीर जाणार आणि त्यांची लहान मुलगीही जाणार. सासूबाई पानावरून तशाच उठतात. यजमान माझ्याशी कामापुरते बोलतात. त्यातून ज्या शाखेत त्या चालल्या आहेत, तिथे म्हणे चहूबाजूंनी तांब्याची जाळी बसवलेली खोली आहे, जिच्यात बाहेरची कसलीही गुणगुण शिरत नाही. तशी खोली मी वर्षानुवर्षे आपल्याकडे मागते आहे. माझ्यापासून सुटका करून घ्यायची आणि वर माझी खोलीही पटकवायची, हा कुठला न्याय?

७. त्यांच्या जागी आपण जे गृहस्थ नेमले आहेत, ते सज्जन आहेत. मी काहीही म्हटले तरी "अगदी बरोबर, बाई" म्हणतात. काल मी नव्या बोर्डाचा आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यात ॲम्प्लिफायरच्या दोन इनपुटांची मी मुद्दाम अदलाबदल करून ठेवली होती. तशा जोडणीत ॲम्प्लिफायर सिग्नल मोठा करतच नाही, तो एका टोकाला जाऊन अडकून बसतो. धाकटीने ही चूक खुर्चीत टेकायच्या आत पकडली असती. "ताई, हे काय झालं इथं?" असे म्हणाली असती, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या, आणि मी घरी न बोलता जेवून सगळा आराखडा पुन्हा पहिल्यापासून तपासला असता. या गृहस्थांनी बराच वेळ कागद न्याहाळला, मान डोलावली, "वा, बाई, तुमचं काम म्हणजे बघत राहावं" असे म्हटले आणि खाली सही करून टाकली.

या विभागात मला तोंडावर मिळालेली ही पहिलीच वाहवा. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

तिथे आरशासमोर तोंड धुताना माझ्या लक्षात आले की, आजवर मी जे काही बरे ॲम्प्लिफायर बनवले, ते सगळे धाकटीला नाक खुपसायला जागा सापडू नये म्हणून बनवले. तिने आराखडा हातात घेतला की माझा जीव वर-खाली व्हायचा. तिने काही न बोलता तो परत दिला, की त्या दिवशी मला पोटभर जेवण जायचे. रुग्णालयांना काय, साहेबांना काय, रेषा दिसली की झाले. ती रेषा तशी का दिसते, हे कळणारे या इमारतीत आणि आमच्या घरात मिळून एकच माणूस आहे, आणि ते माणूस मला पाहवत नाही. आता ते निघाले आहे. मग मी काम करायचे ते कोणासाठी, हे आपणच मला सांगावे.

८. सबब विनंती की, सदर बदली रद्द करावी. नवा ऑसिलोस्कोप तिच्याच टेबलावर राहू द्यावा. मी त्याबद्दल कुरकुर करीन, पण लेखी करणार नाही. ग्राउंडचा थर पुढच्या बोर्डात सलग ठेवावा की त्यात फट पाडावी, याचा निर्णय तिने घ्यावा. मी विरोध करीन, तो तिने ऐकून घ्यावा आणि मग तिला हवे तेच करावे.

एकदा निघालेला आदेश फिरवणे नियमात बसत नसेल, तर माझीही बदली त्याच शाखेत, तिच्या शेजारच्या टेबलावर करावी. तिथे ॲनालॉग बाजूला वरिष्ठ अभियंत्याची जागा रिकामी नाही, असे कळले. मदतनीस अभियंत्याची एक जागा आहे, पण ती तिच्या हाताखाली येते. तीच द्यावी.

आपली नम्र, आणि या खेपेस खरोखरच नम्र,

(सही)
थोरल्या बाई
वरिष्ठ अभियंता, ॲनालॉग बाजू

दिनांक : आजचाच, उशीर नको म्हणून.
प्रत : कोणासही नाही.