हाक मारून पाहिलेली नावं

लिसनावॉन, काउंटी क्लेअर
एप्रिलचा शेवटचा मंगळवार

प्रिय सेनन,

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मठाच्या शाळेत सिस्टर गोन्झागांनी आम्हा मुलींना शिकवलं होतं, की पत्रात आधी समोरच्याची प्रकृती विचारावी, मग हवामान सांगावं, मग देवाचे आभार मानावेत, आणि स्वतःबद्दल सर्वांत शेवटी, तेही थोडक्यात लिहावं. तर तुझी प्रकृती विचारून झाली. हवामान ओलं आहे. देवाचे आभार. आता स्वतःबद्दल लिहिते, आणि ते थोडक्यात आटपेल असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या फ्लॅननच्या मुलाला महिना होत आला आणि त्याला अजून नाव नाही. बाळ गुटगुटीत आहे, दूध पितं, ढेकर देतं, मार्टीच्या एकुलत्या एका चांगल्या कोटावर जे करायचं ते करून झालंय. सगळं व्यवस्थित, पण बिननावाचं. आम्ही त्याला ‘स्वारी’ म्हणतो. स्वारी उठली का, स्वारी रागावली का. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा ठरलाय. फादर केलेहर फाटकाशी थांबून म्हणाले, “डिम्प्नाबाई, पाणी मी आणतो, नाव तेवढं तुम्ही आणा. मागच्या वेळी एका घरी दोन्ही मलाच आणावी लागली, आणि ते लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत.”

आमची सून एमर डब्लिनची. (ती मला डिम्प्नाच म्हणते. पहिलं वर्ष मला ते बोचलं. आता वाटतं, बरं झालं, निदान कुणीतरी नावाने हाक मारतंय. मार्टी तर आयुष्यभर मला ‘ए, ऐकतेस का’ म्हणत आलाय.) तिला अस्सल आयरिश नाव हवं आहे, जुनं, मातीतलं. माझी काहीच हरकत नाही. माझं स्वतःचं नाव तरी काय, एका आयरिश राजकन्येचं, जी वेड्यांची संत झाली. आईने ते बाबांच्या घरची मंडळी नीट पाहून ठेवलं, असं ती शेवटपर्यंत सांगायची. तर एमरने फोनवर नावं शोधली. ओशीन, फिअखरा, लॉरकान, काहल, फिंटन. फ्लॅननला सगळीच आवडली, कारण त्याची झोप झालेली नाही. माझ्या मनात एक नाव होतं. पण सासूने नावाच्या बाबतीत तोंड उघडू नये एवढी अक्कल मला मठाच्या शाळेत नाही तरी या घरात आली आहे, म्हणून मी बटाटे सोलत गप्प बसले.

आणि बसलेच असते रे, पण मार्टी बोलला. म्हणाला, “तुझी आई नावाची परीक्षा घ्यायची ना? मागच्या दारातून?” झालं. एमरने कान टवकारले, आणि मला सगळं सांगावं लागलं. तुला आठवतं का? पाळण्यात मूल असताना आई याच मागच्या दारात उभी राहून त्या नावाने खाडीपर्यंत हाक मारून बघायची. पॅकी मेलिकनची दोन्ही शेतं ओलांडून जे नाव पाण्यापर्यंत पोचेल तेच ठेवायचं. ती म्हणायची, “पाद्री ते नाव एकदा घेणार, पोरगं मोठं होऊन चारदा सही करणार. जेवायला बोलवायचं मला असतं.” एमरला हे इतकं आवडलं की तिने फोन बाजूला ठेवला. म्हणाली, “डिम्प्ना, हाक तुम्हीच मारायची.” मी म्हटलं, सिस्टर गोन्झागा सांगायच्या की सभ्य मुलीचा आवाज फाटकाबाहेर जात नाही. त्यावर मार्टी म्हणाला, “तुझा कधी आत राहिलाय?”

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता, चहाच्या वेळी, मी ओशीनला हाक मारली. बरी गेली. इतकी बरी गेली की पॅकीचा मेंढा कुंपणातून डोकं घालून थेट आमच्या मागच्या अंगणात आला आणि एमरने वाळत घातलेलं दुपटं चघळायला लागला. पॅकीची नातवंडं आयरिश माध्यमाच्या शाळेत जातात आणि सुट्टीत येऊन त्यांनी गोठ्यातल्या झाडून सगळ्या जनावरांची बारशी केली आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मेंढा ओशीन. कुत्रा फिअखरा, तोही हाकेसरशी आला, आणि स्वारीचा मोजा घेऊन गेला. लॉरकान हे गाढव. ते आलं नाही, पण जागेवरूनच त्याने जे उत्तर दिलं त्याने स्वारी दचकून उठली ती नऊपर्यंत झोपली नाही. पॅकी कुंपणाला टेकून म्हणाला, “नाव ठेवा की खुशाल. माझं गाढव काही मनाला लावून घेणार नाही.” एमरने ती तिन्ही नावं मुकाट्याने खोडली.

काहलला हाक मारली तेव्हा आमचा पोस्टमन सायकल टाकून धावत आला. त्याचं नाव काहल आहे हे इतकी वर्षं त्याच्या हातून पत्रं घेऊन मला माहीत नव्हतं. आपण त्याला पोस्टमनच म्हणतो. “काय झालं बाई, कोणी पडलं का?” मी खरं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मुलाला आपलं नाव देतायत. मग त्याला चहा द्यावा लागला, ॲपल पाय द्यावा लागला, आणि अजून काही ठरलेलं नाही हे सांगायचं धाडस माझ्या अंगी आलेलं नाही.

फिंटनची गोष्ट मात्र लिहायला लाज वाटते. त्या दिवशी वारा होता म्हणून मी दोनतीनदा हाक मारली, जरा जीव तोडून. आत येऊन अंडी उकडायला ठेवली. अंडी होईपर्यंत आमच्या अंगणात गावातले अर्धे पुरुष, हातात काठ्या, पायात गमबूट. वरच्या घरातली डेलिया टाल्टी, वय नव्वदीला टेकलंय पण कान शाबूत, तिने घरोघर फोन केला होता, की डिम्प्नाकडचा कुणी फिंटन नावाचा पोरगा दलदलीत हरवला. दोघे तर दलदलीकडे गेलेसुद्धा, एकजण कमरेपर्यंत भिजला. मी म्हटलं, “अहो, फिंटन नाहीच आहे.” तर भिजलेला म्हणाला, “तेच तर! म्हणून शोधतोय!” बाप्तिस्म्यासाठी आणलेला हॅम त्या रात्री कापला. मार्टी खुशीत होता. म्हणाला, बऱ्याच दिवसांत इतकी माणसं घरात नव्हती.

काल एमर थकली होती. बाळाला पाळण्यात निजवून मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, “डिम्प्ना, माझी नावं संपली. तुमच्या मनात काहीतरी आहे, बटाटे सोलताना दिसतं. ते मारा बघू.” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “पाळण्यातल्याला ऐकू द्या, मला नका.” तेव्हा मी मारली, सेनन. तुझीच हाक. आईच्या सुरात; दुसरा सूर या नावाला मला येतच नाही. ‘से’ ताणायचा आणि ‘नन’ सोडून द्यायचा. मेंढा आला नाही. कुत्रा आला नाही. गाढवसुद्धा गप्प. मला वाटलं, गेली फुकट.

मग डेलियाचं दार उघडलं. ती नुसत्या सपातांवर, अंगात कोट नाही, काठी टेकत उतारावरून येताना दिसली. पलीकडून पॅकी आला, टोपी हातात. (पॅकीचं डोकं मी आजवर फक्त चर्चमध्ये उघडं पाहिलंय.) डेलियाने विचारलं, “कधी आला?” आणि पॅकी म्हणाला, “आहे कुठे? खाडीवर गेला असेल. आल्याबरोबर तिकडेच जाणार तो.”

तू बोस्टनला गेल्यावर आई त्या पहिल्या हिवाळ्यात रोज सहाला दाराशी जायची, तुला कधी लिहिलं नाही मी. हाक मारायची नाही. नुसती उभी राहायची, मग दार लावून घ्यायची. आणि हे दोघं आपापल्या खिडकीतून ते बघत होते, हे मला काल कळलं. एमर माझ्याकडे बघत होती. शेवटी मार्टीच पुढे झाला आणि म्हणाला, “आत आहे. पण बेतानं बोला, अजून दात यायचेत.” डेलियाने पाळण्यात वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “हो, तोच. कान बघा की.”

असो. तू ये असा माझा आग्रह मुळीच नाही. सुरुवातीला तुझ्याकडे तिकडे राहायचे कागद नव्हते, मग वेळ नव्हता, मग तुला लाज वाटली. आईच्या मातीला आला नाहीस म्हणून. हे सगळं मला समजतं आणि मी कधी विचारणार नाही. बोस्टनमधल्या सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझी प्रेमळ बहीण,
डिम्प्ना

ता. क. नाव अजून पक्कं नाही. एमर म्हणते, ज्याचं नाव आहे त्याला समोर बसवून विचारल्याशिवाय ती ते घेणार नाही. डब्लिनची माणसं फार हट्टी असतात.

ता. क. २. बाप्तिस्म्याला लागणारा धर्मपिताही ठरलेला नाही. पोस्टमन आशेवर आहे. शॅनन विमानतळावर फ्लॅनन गाडी घेऊन येईल, कुठल्याही वेळी. त्याला नाहीतरी झोप नाही.

ता. क. ३. आग्रह नाही असं वर लिहिलंय ते सिस्टर गोन्झागांसाठी. (त्या सांगायच्या, सभ्य बाईच्या पत्राला ताजा कलम लागत नाही.) डेलियाला दोनदा समजावून सांगितलं की तू आलेला नाहीस. ती म्हणते, “ते ठीक आहे, पण मी हॅम आणून ठेवलाय.” चहा सहालाच असतो, अजूनही. मी मागच्या दारातून एक हाक मारीन. एकच.

बरं, तीन मारीन.