लाल पेन्सिलीची चौकट

ता. ९ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. घरात पुराचा गुडघाभर चिखल, पण माणसं धड आहेत, हे वाचून तुझी भावजय इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. फोनच्या तारा जोडून होईपर्यंत पत्रं लिहीत जा. माझं अक्षर लागत नाही, ही तक्रार आता चालणार नाही.

सोबत आमच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान पाठवतो आहे. फोटो तुमच्याच बाजारातला, चेहरा पिळवटलेल्या एका बाईंचा. काढला आमच्या छायाचित्रकाराने. पण निवडला मी, कापला मी आणि खालची ओळही माझीच : 'सारं वाहून गेलं, उरले फक्त अश्रू.' संपादकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. त्या फोटोनंतरच मदतीचे ट्रक तुमच्याकडे निघाले म्हणतात. इतकी वर्षं फोटोंच्या टेबलावर घालवली, त्याचं चीज झाल्यासारखं वाटलं. असं वाटणं बरं नव्हे, हेही लगोलग वाटलं. पण वाटलं ते तुझ्यापासून कशाला लपवू? त्या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत का?

पोरांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
धाकटा


ता. १५ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

चाळिशी उलटली म्हणून तुझं नाव बदलणार नाही, आणि या खेपेला तर मुळीच नाही.

ओळखीच्या काय विचारतोस? माझे कपडे त्याच शिवतात. शाळेसमोर त्यांचं दुकान आहे, आम्ही सगळे त्यांना शिवणवहिनी म्हणतो. आणि त्या रडत नव्हत्या रे. चिखलात रुतलेलं शिलाई मशीन उचलत होत्या, लोखंडी पायांसकट. तेवढं वजन उचलून बघ, तुझाही चेहरा तस्साच होईल. ते मशीन त्यांनी पुसून, तेलपाणी करून केव्हाच चालू केलं आहे.

ट्रक आले हे खरं. त्यातून वहिनींच्या दारात जुन्या कपड्यांची गाठोडी आली. येणारा-जाणारा हातात कपडे ठेवतो, शिवायला मात्र कुणी देत नाही. मीही एक पिशवी घेऊन गेले होते. वहिनींनी ती उघडली आणि यातलं नेमकं काय उसवलंय, असं विचारलं. पिशवी तशीच घेऊन परत आले.

आता मुख्य गोष्ट. शाळेतल्या पोरांचे गणवेश पुरात गेले. एका संस्थेने कापडाचे तागे दिले आहेत. एरवी हे काम वहिनींचंच. पण आमच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली तुझं पहिलं पान आहे. एवढ्या दुःखात बिचारीवर भार नको, असं म्हणत ते काम शहरातल्या शिंप्याला द्यायला निघालेत. त्या ठणठणीत आहेत, असं मी सांगितलं, तर फोटो काय खोटं बोलतो का, असं उलट मलाच विचारलं. हे काम गेलं तर वहिनींना दुकान बंद करावं लागेल. काहीतरी कर.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई


ता. २० सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग कुठल्या तोंडाने मानू? तुझं पत्र वाचलं आणि मूळ फोटो काढून बसलो. आमचं काम असं असतं : फोटोवर लाल पेन्सिलीने चौकट आखायची. आतलं छापतात, बाहेरचं जातं. मूळ फोटोत मशीन स्वच्छ दिसतं आहे. वहिनींचे दोन्ही हात त्याच्याखाली आहेत. पलीकडून कुणा पुरुषाचा हात, कोपरापर्यंत, मशीनला आधार देतो आहे.

हे माझ्या नजरेतून सुटलं, असं तुला लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. सुटलं नव्हतं. मशीन ठेवलं तर चेहरा लहान होत होता, आणि तो हात ठेवला तर बाई एकटी वाटत नव्हती. दुःख एकटं दिसलं की वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालतं, हे मी नव्या लोकांना शिकवत आलो आहे.

संपादकांकडे गेलो. पूर्ण फोटो छापा आणि चूक कबूल करा, असं म्हटलं. बाईंनी तक्रार केली आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले की मशीनवर बसलेल्या बाईंचा नवा फोटो मागवू आणि मथळा देऊ, 'अश्रूंवर मात'. मथळा मला पटलेला नाही. पण त्याने काम मिळणार असेल तर माझ्या पटण्याला काय किंमत? वहिनींना विचार. तोवर पूर्ण फोटो सोबत धाडतो, मुख्याध्यापकांना दाखव. चौकट तुझ्या भावाने आखली, हेही सांग.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २७ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

मथळा ऐकून वहिनी एवढ्या हसल्या, की ओठांत धरलेल्या टाचण्या आधी काढून ठेवाव्या लागल्या. मी रडलेच नाही तर मात कशावर करू, असं विचारतात. छापलं तर आणखी गाठोडी येतील, तेव्हा छापूच नका, असा निरोप आहे. तू दिसायला कसा आहेस, हेही विचारलं. दिसायला लहानपणापासून शहाणा, तिथेच सगळ्यांची फसगत होते, असं सांगून टाकलं.

मुख्याध्यापकांपुढे फोटो ठेवला. बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिले. चड्ड्यांचं कापड शहरात गेलंच होतं, ते काही परत येत नाही. शर्टांचे तागे मात्र त्याच दुपारी शिपायाबरोबर वहिनींकडे पाठवले. स्वतः गेले नाहीत. दुकान तरेल आता.

आणखी एक. तो हात शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्या काकांचा आहे. स्वतःचं सामान चिखलात टाकून आधी मशीन काढायला धावले होते. पूर ओसरल्यावर तापाने गेले. भिंतीवरचे फोटो सगळे पाण्यात गेले, काकूंकडे त्यांचा एकही उरला नाही. वहिनींनी तुझा फोटो नेऊन दाखवला, तर काकू त्या मनगटावर बोट ठेवून बसूनच राहिल्या. मग, चेहरा कुठे आलाय का, असं विचारलं. बघशील?

तब्येत सांभाळ. मनाला फार लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते. पण थोडं लावून घे.

तुझी,
ताई


ता. २ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चेहरा आला आहे. त्या जागी लागोपाठ काढलेले आणखी फोटो होते. बाद केलेल्यांच्या खोक्यात एक सापडला. मशीन बहुधा हातातून निसटून पुन्हा चिखलात बसलं आहे. त्याच्यासोबत काकाही बसले आहेत, पार कमरेपर्यंत बरबटलेले, आणि ते नि वहिनी दोघंही तोंड उघडून हसताहेत. काकांचा पुढचा एक दात नाही, तेही दिसतं.

हा फोटो मला नवा नाही. त्या दिवशी तो माझ्या हातात होता. पुरात हसणारी माणसं कोण छापतं, असं मोठ्याने म्हणून मी तो खोक्यात टाकला, आणि आजूबाजूचेही हसले.

मोठा करून पाठवतो आहे. कुठेही कापलेला नाही. हा आधी का नाही छापला, असं काकूंनी विचारलंच, तर माझं वाक्य जसंच्या तसं सांग. नाही विचारलं, तर मी स्वतः येऊन सांगावं, की त्यांना त्या फोटोपाशी निवांत बसू द्यावं? मला ठरवता येत नाही, ताई. तू सांगशील तसं करीन.

उत्तराची वाट पाहतो आहे.

तुझा,
ठोंब्या