बहात्तर तास

रविवार, १४ एप्रिल

ठरलं. मंगळवारी केस सरळ करून घेणार — कायमचे! रेमीताईचं पार्लर बुधवारपासून ईस्टरपर्यंत बंद, म्हणून मंगळवारच. शुक्रवारी संध्याकाळी आई येतेय. सात वर्षांनी, तीही पंधरा दिवसांसाठीच. हाँगकाँगला ज्या घरी ती कामाला आहे, तिथली मालकीण नवा करार तयार ठेवून बसलीय, आई परत गेली की सही.

तिने सही करू नये. मला तेवढंच हवंय.

माझे केस बाबांवर गेलेत, घट्ट कुरळे. टाकून गेलेल्या नवऱ्याची आठवण कोण रोज डोळ्यांसमोर ठेवील? हे कुणाला बोलले नाही. इथे लिहायला काय जातं.

मंगळवार, १६ एप्रिल

पाच तास! औषधाच्या वासाने डोळ्यांना धारा. रेमीताई एकेक बट ओढून गरम इस्त्री फिरवत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच. एवढं रान डोक्यावर घेऊन एकोणीस वर्षं काढलीस कशी बये, म्हणे. चार वाजता आरशासमोर उभं केलं. ती मी नव्हतेच! केस खांद्याच्या खाली पोचलेत. घरी येताना जीपनीत दाटीवाटीने बसूनही सगळा रस्ता ड्रायव्हरच्या आरशात स्वतःलाच बघत आले.

तीन दिवस पाणी लावायचं नाही. पिन नाही, रबर नाही, बट कानामागेही सारायची नाही. पूर्ण बहात्तर तास, म्हणजे शुक्रवारी चारला धुवायचे. थोडे जरी आधी धुतलेस आणि परत वळले, तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस, असं बजावलंय.

बुधवार, १७ एप्रिल

रात्रभर उताणी झोपून मान आखडली. आईचा फोन आला तेव्हा नेटवर्कचं निमित्त करून कॅमेरा बंद ठेवला — बघू दे एकदम!

शुक्रवार, १९ एप्रिल, सकाळ

मूर्ख मी. महामूर्ख! लुझ मावशी (आई गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते) खिरीसाठी रताळी सोलत होती. म्हणाली, तीनच्या आत सगळ्यांनी अंघोळी उरका. गुड फ्रायडे! तीन वाजता प्रभूने प्राण सोडला की आज कुणी अंगावर पाणी घेत नाही. दरवर्षी तिच्या पोरांना मीच अडीचला न्हाणीत ढकलते. यंदा तास मोजत बसले आणि शुक्रवार कुठला, ते डोक्यातच आलं नाही. रेमीताईच्याही नाही.

मावशीच्या हातापाया पडून झालं.

"देव मेलेला असताना तू केस धुणार?" ती म्हणाली. विषय संपला.

दुपारी अडीच

बादली भरून उभी राहिले. दीड तास कमी पडत होता. सगळे परत वळले तर? नाही धुतले.

शनिवार, २० एप्रिल

काल रात्री लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.

विमानतळावर तशीच गेले. केस चिकट, टाळूला चपटे बसलेले, अजून औषधाचा वास मारत होते. आई बाहेर आली. केवढी वाळलीय! मी हात हलवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेली. मला वाटलं, गंमत करतेय. पण ती माझ्या मागच्या गर्दीत टाचा उंचावून शोधत होती. मी "आई" म्हणाले तेव्हा वळली, आणि हातातली बॅग तशीच खाली पडली.

घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. शेवटी मीच विचारलं, आवडले नाहीत का?

"मी कुरळं डोकं शोधत होते गं. फोनवर तेच तर आधी दिसायचं," ती म्हणाली. "पोटची पोर समोर उभी, आणि मला ओळखता आली नाही."

मग खूप रडली. मीही. बाबांसारख्या केसांबद्दल मनात होतं ते सगळं तिला सांगून टाकलं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

आज सकाळी केस धुतले. रेशमासारखे झालेत! तिने स्वतः पुसून दिले. कराराचं मात्र अवाक्षर नाही, आणि विचारायचा मला धीर होत नाही.

रविवार, २१ एप्रिल

चर्चमधून, ईस्टरच्या पहाटेच्या मिस्सेहून येताना आईने विचारलं, पहिल्यासारखे व्हायला किती दिवस लागतील? मी म्हटलं, मुळापासून नवे येतील तसे, दोन वर्षं तरी. घरी आल्यावर तिने मालकिणीला फोन लावला आणि दुसरी बाई बघा म्हणून सांगितलं.