दार आपटायचा बेत

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. सूड घेताना लागेल.

कोडोलीला नंदिनीताईच्या सासरी सोनं द्यायला गेलतो. दाजी एकटेच बसलेले. हातावर आपट्याचं पान ठेवलं, वाकलो, आणि वल्लरीचा विषय काढला. वल्लरी त्यांची धाकटी बहीण. ताईच्या लग्नात तिनं मला दोनदा जिलेबी वाढली, तेव्हाच आमचं ठरलंय. तिला सांगायचं तेवढं राहिलंय. दाजी म्हणाले, "राजू, दुसऱ्या वर्षाला बी.कॉम. सोडलंस. लेका, आधी कशाला तरी चिकटून दाखव. मग बघू की." आणि माझंच पान माझ्या खिशात सरकवलं.

ठराव: दत्तप्रसाद नावाच्या ह्या माणसाला दिवाळीत रडवायचं. मग वल्लरी. मग हे घर कायमचं सोडायचं. जाताना दार असं आपटायचं की भिंतीवरची तात्यांची 'आदर्श शिक्षक' ढाल खाली पडली पाहिजे. तात्यांनी कॉलेजवरून लई ऐकवलंय.

५ ऑक्टोबर, रविवार.

ताईला माहेरी आणलं. सातवा महिना, पोटात जुळं, त्यात बीपी वर. डॉक्टर मॅडमनी तात्यांना आधी खुर्चीत बसवलं, मग सांगितलं म्हणे, तिघांच्याही जिवाला धोका आहे. पूर्ण आराम. डावी कूस. ताण नको, दचकणं नको. डोहाळजेवण रद्द. वाडीसाठी आणलेली फुलांची वेणी आईनं देवाला घातली आणि मोरीत जाऊन रडली.

ताईला माझी खोली दिली, कारण कमोड तिथंच. मला कुणी विचारलं न्हाय. तात्या म्हणाले, "तू काय, कुठंबी पडतोस." वर बीपीचं मशीन माझ्या हातात दिलं, दिवसातून चारदा बघायचं. "सगळ्यांना कामं हाईत, तुला काय हाय?" दुसरी वही मिळेना म्हणून आकडे इथंच लिहितोय. १३८/८८. माझ्या सुडाच्या वहीत घुसखोरी.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार.

वाऱ्यानं बाहेरचं दार आपटलं. ताई झोपेतून किंचाळून उठली, पोट दोन्ही हातांनी धरून बसली. हलतायत का, हलतायत का, म्हणून माझाच हात पोटावर दाबून धरला. एक हललं. दुसरं दहा मिनिटं हललं न्हाय. ती दहा मिनिटं मी मोजली. मग लाथ मारली, थेट माझ्या तळव्यावर. हे माझ्यावर गेलंय. १४४/९२.

हार्डवेअरच्या दुकानातून फोमची पट्टी आणली, चौकटीला चारी बाजूंनी लावली. हे प्रेमापोटी न्हाय. हॉलमध्ये मला झोपायचंय.

लक्षात ठेव: जायच्या दिवशी पट्टी आधी काढायची.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

शत्रू रजा टाकून दाखल. सोबत लाडवाचा डबा. म्हणाले, "काय राजू, काय चाललंय?" म्हटलं, बघालच. ते म्हणाले, "बरं बरं."

त्यांच्या गाडीखाली लावायला हजाराची माळ आणलेली. पण आवाजानं ताई दचकणार. तालमीजवळच्या पोरांना जाऊन दम दिला, आमच्या गल्लीत पहिला बाँब लावेल त्याला तोच गिळायला लावीन. मग माझीच माळ बादलीत बुडवली. माघार न्हाय ही. शस्त्र बदलतोय. १४२/९०.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी. पहाट.

५.३० – १४६/९४. जावयाच्या उटण्यात कांदा-लसूण चटणी कालवली, दोन चमचे. आईनं उन्हाळ्यात कुटून आणलेली, जहाल.

६.४० – दाजी येईनात. ताईच्या पायांना सूज, ते खाली बसून तळवे चेपतायत. आई म्हणाली, उटणं वाळतंय, तू बस पाटावर. म्हटलं, मी नको. तात्या म्हणाले, "आंघोळीला बी चिकटू नकोस कशाला." बसलो.

७.१५ – पाठ, मान, कानामागं आग. तोंडातून चकार शब्द काढला न्हाय, ताई दचकेल म्हणून. ह्याचंही खातं दाजींच्याच नावावर.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

ताई दाजींना ओवाळायला उठली. मी लगेच मशीन लावलं. १५०/९६. जागच्या जागी ओवाळणी बंद पाडली! दाजी अर्धे ओवाळलेले, कपाळावर नुसतं कुंकू. खोक्याचा पुठ्ठा कापून दारावर पाटी लावली: 'उठायचं नाही. हात वर करायचा नाही. कोणत्याही कारणासाठी नाही.' डॉक्टर मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या बरोबर आहे. दाजींनी पाटी दोनदा वाचली. गोड वाटलं.

आता खरा डाव. दाजी इथं, म्हणजे वल्लरीनं भाऊबीजेला इथंच यायला पाहिजे. ताईला म्हटलं, बिचारीचं ओवाळायचं राहील, बोलाव की. ताई म्हणाली, किती रे काळजी तुला. गुजरीतल्या सोनाराकडनं चांदीचे झुमके आणलेत. उद्या चहा करायला ती स्वयंपाकघरात गेली की मागं जायचं, डबी द्यायची, बोलायचं. ह्यांच्याच सणाला, ह्यांच्याच नाकासमोर. ह्यापेक्षा मोठा सूड न्हाय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. दुपारी २.

लिहवत न्हाय. तरी लिहितो.

वल्लरी आली. मोरपंखी साडी. दाजींना ओवाळलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात, खिशात डबी. मग आत ताई रडायला लागली. एकवीस वर्षांत एक भाऊबीज चुकली न्हाय, राजूला गोवर आलता तेव्हा बी खिडकीतनं ओवाळलंय. म्हटलं, पुढच्या वर्षी दोनदा ओवाळ. ती उठायला लागली. दाजी पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "हात वर करायचा न्हाय. कोणत्याही कारणासाठी." माझंच अक्षर.

मग ताई म्हणाली, "वल्ली, माझ्या वाटणीचं तू ओवाळ गं ह्याला."

मी न्हाय म्हणालो. मोठ्यानं. ताईच्या दंडाला मशीन लावलेलंच होतं. १५६/१००. म्हणाली, "राजू, पुढच्या भाऊबीजेला मी असीन का नसीन." असं बोलायचं असतं का? असं बोलल्यावर माणूस काय करणार?

बसलो पाटावर. टोपी घातली. वल्लरीनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हळूहळू तीनदा ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात इतकी छान दिसत होती की मी डोळे मिटले. तात्या म्हणाले, "ओवाळणी टाक की, बघत काय बसलायस?" पाकीट दुसऱ्या पँटीत. खिशात फक्त डबी. टाकली.

वल्लरी म्हणाली, "अय्या! राजूदादा, किती सुंदर!"

दादा.

कायद्यानं ही बदलीची ओवाळणी आहे. मोजत नाहीत. चौकशी करायची.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०. हॉस्पिटल.

काल सहा वाजता ताईचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे. १७२/११२. दाजी म्हणाले, पित्त असेल, जरा पडू दे. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत न्हाय, मोठ्या माणसाला बोललोय. त्यांच्याच गाडीत घातलं, सिग्नल बघितले न्हाईत.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आधीची रीडिंग्ज? ती ह्या वहीत. दिली. दुसरा इलाजच नव्हता. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, बाजूला दाजी उभे. "वीस तारीख, साडेपाच, १४६/९४, जावयाच्या उटण्यात... हे कसलं औषध?" पुढं नुसते आकडेच वाचले. भराभर इंजेक्शनं सांगितली. म्हणाल्या, आकडे कसे चढत गेलेत ते स्पष्ट दिसतंय, अजून तासभर घरी ठेवली असती तर झटके आले असते. मला विचारलं, मेडिकलला आहेस का? म्हटलं, सोडलं. त्या दचकल्या, मेडिकल सोडलंस? म्हटलं, बी.कॉम.

पहाटे सिझर. मुलगा एक किलो सहाशे, मुलगी एक चारशे. दोघं काचेच्या पेटीत, नळ्या लावून. माझ्या पंजात मावतील एवढी. ताई शुद्धीवर आली, पहिलं विचारलं, राजू जेवला का.

वही दाजींकडंच राहिलेली. तेवढ्या वेळात बाकावर बसून त्यांनी पहिल्या पानापासून वाचून काढली. परत देताना डोळे लाल. म्हणजे रडवायचं ठरवलेलं ते झालं. पण मजा आली न्हाय. म्हणाले, "राजू, मी 'मग बघू' म्हणालो होतो रे. न्हाय कुठं म्हणालो? आणि चिकटून तर तू दाखवलंस, दिवसातून चारदा." मग डोकं खाजवलं. "पण आता कसं करायचं? तिनं ओवाळलं की तुला."

म्हटलं, ते ताईच्या वतीनं होतं.

म्हणाले, "झुमके तिनं स्वतः घातलेत."

३० नोव्हेंबर, रविवार. बारसं. दुपारी ४.

दोघं घरी येऊन नऊ दिवस. अभिराम आणि अस्मिता. नावं आत्यानं ठेवली, दोघांच्या कानात, झुमके घालून. पाळणे दोन, दोन्ही माझ्या खोलीत. खोली परत मिळायचं लक्षण न्हाय. ताई ११८/७६. आता मोजायची गरज नाही, मॅडम म्हणाल्या. तरी मोजलं.

मग वल्लरी मला बाजूला घेऊन गेली. मी कॉलर सरळ केली. म्हणाली, "राजूदादा, मुरगूडचं एक स्थळ आलंय. मुलगा शिक्षक हाय. दत्तादादाला बाळांतून सवड न्हाय. तू जाऊन चौकशी करून ये की. आपल्या माणसानंच बघितलेलं बरं."

ठराव: आजच घर सोडायचं. मुरगूडवरूनच जायचं, म्हणजे वाटेत त्या मास्तराची खोट काढता येईल. एक तरी असणारच. सापडली की लिहून ठेवायची, तारीखवार. बॅग भरली. वही घेतली. बीपीचं मशीन चुकून बॅगेत आलं, ते काढून ताईच्या उशाशी ठेवलं. तात्या म्हणाले, रात्रीपर्यंत ये, डायपर संपलेत. दाजींनी न मागता गाडीची किल्ली दिली. ह्याचाही सूड घ्यायचाय.

४.४०. जिन्यावर बसून लिहितोय.

दारापाशी उभा राहिलो. सगळे समोर. ढाल बरोबर खिळ्यावर. पट्टी काढायची विसरलेलो, पण जोर पुरेसा होता. हात मागं नेला. तेवढ्यात आतून अस्मिताची उचकी. एकच. मग अभिरामची. वल्लरीनं ओठांवर बोट ठेवलं.

कडी दोन बोटांत धरली, दार ओढून घेतलं, शेवटचा इंचभर श्वास रोखून. काही म्हणजे काही वाजलं न्हाय.

फोम एकदम नंबर एक बसलाय.