वहीतलं अर्धं मिनिट

केडगाव, अहिल्यानगर
२ जून २०२५

चि. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की आमच्या घरी चोरी झाली आहे. चोराचं वर्णन : वय पावणेअठरा, पायात निळे बूट, वास्तव्य अकोले तालुका. ऐवज : एक स्टॉपवॉच. पोलिसांत जाणार होतो. पण तुझी मामी म्हणाली, ते मुळात शाळेचं आहे आणि तुम्ही तीन वर्षं परत केलेलं नाही. तेव्हा गप्प बसलो.

सुट्टीत तू इथे राहिलीस, तेव्हा मैदानाच्या कट्ट्यावर बसून तुझ्या चार फेऱ्यांच्या वेळा मी रोज वहीत मांडल्या. त्या पाहून तू आधी बी.ए. आणि मग सैन्य असं ठरवलंस, हे दाजींच्या फोनवरून कळलं. शहाणी आहेस. पदवी घेऊन गेलीस तर अधिकाऱ्यांची परीक्षा देता येईल. लोक तुला सलाम ठोकतील. कॉलेजात संस्कृतच्या वर्गात सध्या चार डोकी आहेत म्हणे, तू पाचवी. तुझी खोली मामीने झाडून ठेवली आहे.

फोनवर तू हो-नाहीपलीकडे बोलत नाहीस, तेव्हा उत्तर पत्रानेच दे. कळावे, घड्याळासकट ये.

तुझा,
कानिफमामा

भंडारदरा
७ जून २०२५

ती. स्व. कानिफमामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

चोर हजर आहे, पण माल खराब निघाला. इथे धरणाच्या रस्त्यावर पळाले, तर सोळाशे मीटरला सात मिनिटं अडतीस सेकंद! भरतीला आठ मिनिटांच्या आत यावं लागतं; वहीत तर त्या आठच्या आत मी एकदाही नाही. घड्याळ मागे पडत असेल म्हणून आप्पांचा मोबाईल लावला. तीच वेळ. म्हणजे रस्ताच कमी भरत असणार; आप्पांनी तो मोटारसायकलच्या काट्यावर मोजला होता, आणि त्या काट्याचं काय खरं? आप्पा म्हणाले, लई डोकं लावू नको, मामाची वही ती वही. मलाही तेच वाटतं. तुमच्या अक्षरातलं चुकायचं नाही.

मामा, कॉलेज नको असं नाही. पण मुलगी कॉलेजात गेली, की दुसऱ्या वर्षापासून घरी पाहुणे बघायला यायला लागतात. आमच्या चुलत पंकजाताईचं तसंच झालं; तिची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. अग्निवीर म्हणून भरती झाले तर चार वर्षं लग्न करता येत नाही, नियमच आहे. बाविसाव्या वर्षी येऊन कॉलेज करता येईल. म्हणून मला आधी जायचं होतं. पण वेळच बसत नाही, तर हट्ट कशाच्या जोरावर करू? फॉर्मची मुदत वीस तारखेची. संमतीपत्र आप्पांनी सही न करताच देव्हाऱ्यामागे ठेवलंय.

आईने खुशाली विचारलीय. मामींना नमस्कार. आहे तो लोभ तसाच राहो.

आपली आज्ञाधारक चोर,
निकिता

केडगाव
१२ जून २०२५

चि. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळ बरोबर आहे. मोबाईल बरोबर आहे. रस्ताही पुरेपूर भरतो; दाजींच्या मोटारसायकलची विनाकारण बदनामी झाली. खोटी आहे ती वही.

तू धापा टाकत यायचीस, गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून वेळ विचारायचीस, आणि मी अर्धं मिनिट चढवून सांगायचो. रोज. ठरवून. चोवीस वर्षांच्या मास्तरकीत एकाही मुलाचा अर्धा गुण मी इकडचा तिकडे केला नाही. तुझ्या पानांवर मात्र सुवाच्य अक्षरात खोटं लिहिलं. काल मामीला सांगितलं. आज चहा माझा मलाच करून घ्यावा लागला.

सोबत ती पानं पाठवतो. प्रत्येक वेळेतून तीस सेकंद वजा करून खाली सही केली आहे. दाजींना पानंही दाखव आणि हे पत्रही. स्पीड पोस्टाने टाकतो आहे, म्हणजे मुदतीआधी पोचेल. आधी की नंतर, तुझं तू ठरव. भरती ठरली तर सहीसाठी दाजींपुढे मी येऊन बसेन. कॉलेज ठरलं तर पाहुण्यांना दारातून परत पाठवायला येईन. पंकजाचं मला ठाऊक होतं, आणि तरी तुझ्याबाबतीत ते माझ्या मनात आलं नाही, याची लाज वाटते.

पदवी, अधिकारी, सलाम हे सगळं मी सांगितलं, त्यात खोटं नाही. पण वहीत आकडे चढवण्याचं कारण ते नव्हतं. शेवटी लोभ मागायची रीत आहे. या वेळी तो मागायचा धीर होत नाही. कारण तेवढं सांगतो. तिकडे तुला काही होईल, याची मला भीती वाटते.

कानिफमामा